आमची वाटचाल : भातानंतरची भाजी

शहापूर-मुरबाडकडच्या भातशेतकऱ्यांची भेंडी, गवार, काकडी, कारली आम्ही दादर-माहीमच्या खानावळींना आणि पोळीभाजी केंद्रांना पुरवतो. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि बाजार समितीबाहेर, थेट बांधावरून माल उचलणं आमच्यासारख्या छोट्या पेढ्यांना शक्य झालं.

गावात पहिली बैठक झाली तेव्हा प्रश्न एकच आला : "भाजी लावू, पण घेणार कोण?" रास्त प्रश्न होता. भाताचं पीक वर्षातून एकदा. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये. लावणी-कापणीची मजुरी वजा केली की हातात फार उरत नाही, पण भात कणगीत थांबतं. भेंडी थांबत नाही. पेरल्यापासून दीड महिन्यात पहिला तोडा, मग दिवसाआड तोडा. एक तोडा चुकला की शेंग जून होते. वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवायचा आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हाती आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, बघून गप्प बसायचं, हा अनुभव अनेकांनी आधी घेतला होता.

म्हणून आम्ही पेरणीआधीच दर बोलतो. खानावळींची महिन्याची गरज काढतो आणि त्यानुसार कोणी कधी टोकणी (बी लावणी) करायची ते ठरवतो, म्हणजे सगळ्यांची भेंडी एकाच आठवड्यात येत नाही. बाजार चढला तर वाढीव पैशातला निम्मा वाटा शेतकऱ्याचा. पडला तरी ठरलेला दर आम्ही देतो. पैसे आठवड्याच्या आठवड्याला. ही शिस्त आम्ही कधी मोडू दिली नाही आणि पेढी तिच्यावरच उभी आहे.

शेतातलं शहाणपण त्यांचंच. खाचरात पाणी साचतं, म्हणून भाजीला उंच गादीवाफे आणि पाणी काढायला चर. भात कुणीही सोडलेलं नाही, घरचं तांदूळ घरचंच हवं. अडतं ते पाण्यापाशी. भातसा, तानसा ही धरणं याच शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला येतं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर फिरतात. हे बघून जीव तुटतो. मार्चनंतर ज्यांच्या विहिरीला पाणी नाही त्यांना आम्ही भाजीचा आग्रह करत नाही.

यंदा कारल्याच्या मांडवाचे बांबू आणि तार यांचा निम्मा खर्च पेढी उचलते आहे. भात झोडून झालं की मांडव उभे राहतील.