बोस्टनहून जळगावकरांना: पेशी टाकून शुगर जाते का?

खानदेशातून फोन आला की जिभाऊ हमखास विचारतात, "तिकडे पेशी टाकल्या की शुगर जाते म्हणे?" काहींची गेली, हे खरं. पण ती टाइप १ची. आपल्याकडे चाळिशीनंतर निघते ती बहुधा टाइप २. तिथे इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. टाइप १मध्ये मात्र स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते, म्हणून नव्या पेशींचा विचार आधी तिथेच झाला.

स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशी. त्यांच्यापासून बीटा पेशी भरपूर संख्येने बनवायची कृती इथल्या हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने २०१४ साली दिली. ठरावीक क्रमाने रसायनं आणि प्रथिनं देत चार-पाच आठवडे वाढवायचं. क्रम किंवा वेळ चुकली की भलत्याच पेशी निघतात. कच्च्या पेशी उरल्या तर गाठ होण्याची भीती.

त्याच वाटेने व्हर्टेक्स कंपनीचं झिमिसलेसेल हे पेशींचं औषध आलं. ८० कोटी पेशी, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत नळीने, एकदाच. स्वादुपिंडात का नाही? त्याला डिवचलं की त्याचेच पाचकरस सुटून इजा करतात. २०२५ साली छापून आलेल्या निकालात पूर्ण मात्रा घेतलेल्या १२ जणांपैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभराने बंद होतं. पण परक्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच ठेवावी लागतात. चाचणीत दोघे दगावले, त्यातल्या एकाला मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला होता. असा धोका असतो म्हणून तर साखर नकळत उतरून धोक्यात येणाऱ्यांनाच यात घेतलं होतं.

आता गावाकडचं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार मधुमेहावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, फक्त नोंदणीकृत चाचणी चालते. कुणी पॅकेज सांगितलं की सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा आणि सीटीआरआयच्याच संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. उपचाराआधी आणि नंतर सी-पेप्टाइड तपासणार का, हेही विचारा. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइडही सुटतं, टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, त्यामुळे शरीर स्वतः किती बनवतंय ते त्यावरून कळतं. नुसती साखर उतरली, तर ती पथ्यानेही उतरते.

टाइप १च्या माणसाचं इन्सुलिन कुणी एकदम बंद केलं, तर एक-दोन दिवसांत किटोअ‍ॅसिडोसिस होऊन, म्हणजे रक्तात आम्ल साचून, जिवावर बेततं. आणि भुसावळच्या मे महिन्यात इन्सुलिनची कुपी खिडकीत ठेवू नका. फ्रिज नसेल तर घट्ट डब्यात घालून ओल्या वाळूवरच्या माठात.