शनिवारी लायब्ररीत जाऊन बसा

घर शोधायला लागल्यापासूनचा तो चौथा रविवार होता. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक ओपन हाऊस, म्हणजे विकायचं घर बघायला खुलं ठेवतात ते, आटोपून गाडीत बसलो आणि मी आमच्या एजंटबाईंना विचारलं, "या गल्लीत आपली माणसं किती आहेत?"

बाई गुजराती, साठी ओलांडलेल्या, चाळीस वर्षं न्यू जर्सीत काढलेल्या. मी त्यांना बेन म्हणते. तोवर आमचं हांडव्यापासून सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून झालं होतं, त्यामुळे या प्रश्नात काही वावगं असेल असं मनातही आलं नाही. बेननी सीटबेल्ट लावला आणि समोर बघत म्हणाल्या, "वो मैं नहीं बता सकती."

मला वाटलं, माहीत नसेल. म्हणून प्रश्न बदलला. शाळा कशी आहे? "वो भी नहीं." एरिया सेफ आहे ना? आता मात्र त्या हसल्या. "शनिवार को लायब्ररी में जाके बैठो. सब पता चल जाएगा."

घरी येऊन नवऱ्याने शोधून काढलं. १९६८ सालचा फेअर हाउसिंग कायदा. मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात या कायद्यावर सही झाली. गिऱ्हाइकाचा वंश, धर्म, मूळ देश बघून त्याला अमुक वस्तीकडे वळवायचं नाही की तमुक वस्तीपासून लांब ठेवायचं नाही. त्याला इथे 'स्टिअरिंग' म्हणतात. गिऱ्हाईक स्वतःच 'मला माझ्यासारख्यांकडे वळवा' म्हणत असलं तरीही नाही. शाळा किंवा सुरक्षिततेबद्दल बोलणं थेट बेकायदा नसलं, तरी त्यातून तोच इशारा दिला असं ठरू शकतं, म्हणून बरेच एजंट तोंड मिटून असतात. हे उगाच आलेलं नाही. आमच्यापासून फार लांब नाही, डेलावेअर नदीपलीकडच्या लेव्हिटाऊनमध्ये १९५७ साली पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा घराबाहेर जमाव जमून दगडफेक झाली होती.

वाचून मी भारावले, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे ब्रोकर पहिल्या मिनिटाला आडनाव विचारतो, दुसऱ्या मिनिटाला 'नॉनव्हेज खाता का?' आणि तिसऱ्या मिनिटाला किल्ली खिशात परत घालतो. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना जागा नाकारली, तेव्हा मी इथे रात्री दीड वाजेपर्यंत शाळेच्या ग्रुपवर भांडत होते. मुंबईत मराठी माणसाला जागा नाही म्हणजे काय! आणि इथे बघा, विचारायचीसुद्धा सोय नाही.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीनेही एकदा ठराव केला होता, भाडेकरू फक्त फॅमिली आणि शक्यतो आपल्यातली. अनुमोदन माझ्या बाबांचं. हे मी त्या भांडणात लिहिलं नव्हतं, कारण ते वेगळं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी जिन्यात बाटल्या ठेवल्या होत्या, पाणी एक दिवसाआड येत होतं, कारणं होती. बाबांनी १९८४ साली डोंबिवली निवडली तीसुद्धा कारणं मोजूनच. स्टेशनपासून चालत अकरा मिनिटं, मराठी शाळा, मराठी शेजार. ते कधी कुणाला 'इथे आपली माणसं किती' असं विचारायला गेले नाहीत, कारण विचारायची गरजच नव्हती.

असो. शनिवारी आम्ही खरंच लायब्ररीत जाऊन बसलो. एका नाही, पाच गावांच्या. आणि मी आता छातीठोकपणे सांगते की जनगणनेच्या आकड्यांपेक्षा लायब्ररीचं दार खरं बोलतं. साडीवर स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज अशा आजी दिसल्या, की वस्ती आहे. आजी एकट्या आल्या असतील तर फुटपाथसुद्धा आहे. (अमेरिकन उपनगरात फुटपाथ असणं ही चैन आहे. लाखो डॉलरची घरं, आणि चालायचं कुठून तर रस्त्याच्या कडेच्या गवतातून.) दोन आज्या एकमेकींशी मराठीत बोलत असतील तर आनंदी आनंद. नवऱ्याने एक्सेल केली होती. त्यात मालमत्ता कर, ट्रेनची वेळ, शाळेची श्रेणी असे रकाने होते. मी त्यात 'आज्या' असा एक रकाना वाढवला. तो हसला, पण रकाना त्याने खोडला नाही.

लायब्ररीनंतर मला व्यसनच लागलं. रस्त्यावरून हळू गाडी चालवायची आणि बघत जायचं. गॅरेजच्या दाराशी चपलांचा ढीग, स्वयंपाकघराच्या खिडकीत थंडीसाठी आत घेतलेली तुळस, कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवलेल्या बासमतीच्या रिकाम्या पिशव्या. बेनना जे सांगायला कायद्याने बंदी होती, ते मी गाडीतून मोजत होते.

मजा अशी की ज्या गावात सगळ्यात जास्त आज्या निघाल्या, तिथेच माझा पाय अडला.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोबद्दल मी इथल्या मराठी लोकांना सांगायची गरज नाही, पण घरच्यांना सांगते. प्रिन्स्टनला लागून, न्यूयॉर्कची ट्रेन दाराशी, शाळा नावाजलेल्या, आणि मुलांमध्ये आशियाई बहुसंख्य. २०१५ साली तिथल्या शाळांचे सुपरिंटेंडेंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं, की मुलांवरचा ताण आता संकटाच्या पातळीला पोचला आहे. त्यांनी सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरवल्या, चौथी-पाचवीतल्या हुशार मुलांचा वेगळा गणिताचा वर्ग काढून टाकायचं ठरवलं. त्यावरून गाव उभं दुभंगलं, आणि ते बरंचसं वंशाच्या रेषेवर. गोरे पालक म्हणाले, बरं झालं. बरेच चिनी आणि भारतीय पालक म्हणाले, आमच्या मुलांच्या कष्टाला तुम्ही रोग ठरवताय.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पण मी ती एका रात्रीत चार वेळा वाचली, आणि दर वेळी वेगळ्या बाजूने झाले. चौथीतून गणिताचा वर्ग काढणाऱ्या माणसाचा मला राग आला. स्कॉलरशिपच्या वर्गासाठी पहाटे साडेपाचला उठवणाऱ्या आईची मी मुलगी आहे, त्यातून माझं काही बिघडलेलं नाही. मग माझी तिसरीतली लेक झोपेत वळली आणि मला वाटलं, नको. माझ्या मुलीने त्या शर्यतीत धावायला नको. म्हणजे धावायला हवं, पण सगळे धावत असतात तिथे नको.

"म्हणजे तुला आपली माणसं हवीत, पण फार नकोत," नवरा म्हणाला.

मी म्हटलं, तसं नाही. प्रमाण असतं प्रत्येक गोष्टीला. मिठाला असतं तसं.

राजकारणाचंही तेच. ऑगस्ट २०२२ मध्ये एडिसनच्या इंडिया डेच्या मिरवणुकीत मोदी आणि योगींची चित्रं लावलेला बुलडोझर निघाला होता. गदारोळ झाला, आयोजकांनी नंतर माफी मागितली. आमच्या घरात त्याबद्दल दोन मतं आहेत आणि ती मी इथे लिहिणार नाही, सासरचे वाचतात. पण एवढं दोघांनाही वाटलं, की ज्या भांडणांपासून बारा हजार किलोमीटर लांब आलो, ती गणपतीच्या मांडवात ताटाला ताट लावून बसणार असतील तर जेवायचं कसं? त्याच वेळी, एडिसनमध्ये गणपतीच्या सामानाला गाडी काढावी लागत नाही, ओक ट्री रोडवर सगळं मिळतं. यावर मी आईशी फोनवर अर्धा तास बोलले. आई म्हणाली, "मग मांडवात जाऊ नकोस, सामान घेऊन घरी ये." आईचे तोडगे असे असतात.

नोव्हेंबरात गव्हर्नरची निवडणूक होती, मिकी शेरिल विरुद्ध जॅक चितारेली. आम्ही नेमके त्याच दिवसांत घरं बघत होतो, त्यामुळे प्रत्येक गल्लीची कुंडली घरापुढच्या हिरवळीवर प्रचाराच्या पाट्यांनी मांडलेली. या घरात शेरिल, त्या घरात चितारेली, कोपऱ्यावर शाळामंडळाच्या उमेदवारांच्या सहा पाट्या. मी मुलीला घेऊन पाट्या मोजल्या. आपल्याकडे मतदान गुप्त असतं हा संस्कार इतका मुरलेला की स्वतःच्या अंगणात मत रोवून ठेवणाऱ्या लोकांचं मला कौतुकही वाटतं आणि जरा लाजही. आम्हाला तर मतच नाही. व्हिसावरची माणसं आम्ही. न्यू जर्सीचा मालमत्ता कर देशात सगळ्यात जास्त आहे, सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यातला निम्मा पैसा शाळांनाच जातो. तो द्यायचा, पण शाळामंडळावर कोण बसणार हे इतरांनी ठरवायचं. यावर मी कुरकुरले तर बहीण म्हणाली, "आम्हाला मत होतं, पण निवडणूकच नव्हती." खरंच. कल्याण-डोंबिवलीची महापालिका निवडणूक २०१५ नंतर थेट या जानेवारीत झाली. आईने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी नवी नवरी असल्यासारखा.

एकदा बेनबरोबर चहाला बसले होते. मी थोडं लागट विचारलं, की तुमच्यासारख्यांनी तरी नियम इतका कशाला पाळायचा, आपण दोघीच तर आहोत. त्यांनी कप खाली ठेवला. १९८७ मध्ये त्या जर्सी सिटीत राहत होत्या. भारतीयांना शहरातून हाकलायची धमकी देणारं पत्र तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांचं पत्र, डॉट म्हणजे कपाळावरची टिकली. त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला टोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. बेन सांगत होत्या, तेव्हा त्यांनी दोन वर्षं चांदला लावला नाही, आणि फोन बुकमध्ये आडनाव पटेल असल्याची भीती वाटायची. "उनको भी यही जानना था," त्या म्हणाल्या. "किस गली में कितने."

चहा संपला. मी विषय काढला नाही पुन्हा.

आम्ही शेवटी घर घेतलं त्या गावाचं नाव लिहीत नाही, शेजाऱ्यांचा विषय आहे म्हणून. एक्सेलमध्ये ते तिसरं आलं होतं. आज्या चार, पैकी मराठी एक. शाळा बरी. मराठी शाळा रविवारी, गाडीने पंचवीस मिनिटं. डिसेंबरात क्लोजिंग झालं, म्हणजे घर नावावर झालं, आणि जानेवारीतल्या पहिल्या मोठ्या बर्फात सकाळी दार उघडलं तर आमचा ड्राइव्हवे स्वच्छ. समोरच्या सत्तरीतल्या गृहस्थांनी पहाटे स्वतःचं मशीन आणून काढून दिला होता. नवरा नेमका भारतात, मी एकटी, फावडंसुद्धा विकत घेतलेलं नव्हतं. मी धन्यवाद द्यायला गेले तर त्यांच्या बायकोने मुलीसाठी कुकीज दिल्या. मी त्या रात्री आईला फोन करून रडले. शेजार मिळाला, म्हटलं.

दोन आठवड्यांनी तेच गृहस्थ पाटी घेऊन आले. स्टॉप ओव्हरडेव्हलपमेंट. गावाबाहेरच्या शेतावर परवडणाऱ्या घरांच्या इमारती येणार आहेत, त्याविरुद्ध. "तुमच्या कोपऱ्यावर लावू का? रहदारीला दिसते," ते म्हणाले. शाळेत गर्दी होईल, रस्ते तुंबतील, गावाचं वळण बिघडेल. मी मान डोलवत होते, कारण हे सगळे मुद्दे मला पाठ होते. सोसायटीच्या सभेत ऐकलेले. फक्त बाटल्यांचा मुद्दा राहिला होता.

रात्री नवऱ्याने मुंबईहून मला वाचून दाखवलं. १९७० साली न्यू जर्सीतल्याच माउंट लॉरेल नावाच्या टाउनशिपमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय लोकांनी स्वस्त घरांची परवानगी मागितली, तर मेयरनी सांगितलं, परवडत नसेल तर गाव सोडा. त्यावरून खटला झाला. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रत्येक विकसनशील गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायचा. पन्नास वर्षं गावं या ना त्या वाटेने तो टाळताहेत. मार्च २०२४ मध्ये नवा कायदा आला, आणि जुलै २०२५ पासून पुढच्या दहा वर्षांचा हिशेब सुरू झाला. आमच्या गावाबाहेरच्या शेतावरच्या इमारती त्यातल्याच. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी माउंट लॉरेलच्या त्या घरांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूला ना गुन्हे वाढलेले दिसले ना घरांच्या किमती पडलेल्या.

"मग काय करू?" मी विचारलं. "त्यांनी बर्फ काढून दिलाय."

"आपल्या कर्जाचा आकडा बघता," तो म्हणाला, "किमती पडणार नाहीत हे त्या अभ्यासात किती खात्रीने लिहिलंय ते मी परत एकदा वाचतो."

पाटी सध्या गॅरेजमध्ये आहे, मजकुराची बाजू भिंतीकडे करून, मुलीच्या स्लेजमागे. जमीन गोठली आहे, खुंटी आत जात नाही, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते फेब्रुवारीपर्यंत खरंही होतं. आता बर्फ वितळला आहे. येत्या रविवारी दोघांना जेवायला बोलावलंय. मसालेभात, बटाट्याची भाजी, कमी तिखट. गॅरेजचं दार बंद ठेवायचं, एवढं ठरलंय.