तुम्ही विचारलंत म्हणून: गेम खेळून जपानी येतं का?

दर बॅचमध्ये एक जण विचारतोच. पहिल्या आठवड्यात नाही, काताकाना ही लिपी संपत आली की. "सेन्सेई, मी जपानी गेम जपानीतूनच खेळलो तर भाषा लवकर येईल ना?" मी "आधी क्रियापदं" म्हणते आणि फळ्याकडे वळते. त्यांना वाटतं बाईंना गेममधलं काही कळत नाही. आता पालकही विचारायला लागलेत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

२०१० च्या दिवाळीत माझ्या मावसभावाने ओसाकाहून 'ड्रॅगन क्वेस्ट ९' या जपानी गेमचं सेकंडहँड कार्ट्रिज आणून दिलं. डीएस, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, माझ्याकडे होता, आणि डीएसचे गेम कुठल्याही देशाच्या डीएसवर चालत. इंग्रजी आवृत्ती त्याच वर्षी आली होती. सुखाने ती घेता आली असती, पण मला जपानीच हवी होती. अभ्यास म्हणून. घरी मी हा शब्द इतक्यांदा वापरला की आई शेवटी शेवटी "झाला का अभ्यास?" असं डोळे बारीक करून विचारायची.

सुरू केल्या केल्या पडद्यावर आधीच्या मालकाची नोंद आली. या गेममध्ये 'बोकेन नो शो', म्हणजे साहसाची वही, एकच असते. तुम्हाला नव्याने खेळायचं तर त्याची पुसा. कुणातरी जपानी पोराचे शंभराच्या वर तास होते ते. मी दोन मिनिटांत पुसले. मला तो पुसण्याचा संदेश पुरता वाचताही आला नव्हता. 'हाई' (हो) कुठलं आणि 'इइए' (नाही) कुठलं एवढं कळत होतं.

पहिला तास आठवला की अजून हसू येतं. तुम्ही देवदूत असता, वोरुरो नावाच्या खेड्याचे रक्षक. मग आकाशात उत्पात होतो, तुम्ही खाली कोसळता, पंख आणि डोक्यावरचं वलय दोन्ही जातं. मला यातलं निम्मं चित्रांवरून समजलं. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, त्यात दहा-बारा रेषांची कांजी (चिनी वळणाची चित्राक्षरं) म्हणजे मुंगळ्यांचा घोळका. शिवाय पाठ्यपुस्तकातलं माझं नीटनेटकं, आदबशीर 'देसु-मासु' तिथे फारसं कुणी बोलतच नव्हतं. म्हातारे 'मी'च्या जागी 'वाशी' म्हणत होते (मला दर वेळी खाडीपूल आठवायचा). थोड्या वेळाने सँडी नावाची एक परी आली, ती तर टोकियोच्या रस्त्यावरच्या फॅशनवाल्या पोरींसारखी बोलायची. शब्दकोशात तिचं एक वाक्य सापडेल तर शपथ.

आणि मी हरखून गेले होते! ते लपवत नाही. भाषेला इतके पोत असतात हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. कथेतला म्हातारा, शूरवीर, राजकन्या यांना जपानीत ठरलेली बोली असते. खरे म्हातारे तसं बोलत नाहीत, पण बोली कानावर पडली की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. तिला 'याकुवारीगो', भूमिकेची भाषा, म्हणतात. सातोशी किन्सुई या भाषाशास्त्रज्ञांनी दिलेलं नाव. मला हे नाव कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

२०१२ च्या सुरुवातीची गोष्ट. पुण्याजवळच्या एका कारखान्यात दुभाष्याची जागा होती. माझ्याकडे एन-३ चं, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या मधल्या पातळीचं, प्रमाणपत्र होतं. समोर तीन जपानी गृहस्थ आणि एचआरच्या एक मराठी बाई. स्वतःची ओळख पाठ केलेली होती, ती छान झाली. मग मधल्या गृहस्थांनी एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, याचं भाषांतर करून सांगा. मी कागद दोन्ही हातांनी घेतला, वाकले, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शोची शिता."

अर्थ बरोबर आहे. 'समजलं, करते.' पण अशा वेळी म्हणायचं 'काशिकोमारिमाश्ता', निदान 'शोची शिमाश्ता'. 'शोची शिता' म्हणतो तो चिलखतातला सरदार. समजा एखादी जपानी मुलगी ऐतिहासिक मालिका बघून मराठी शिकली, बँकेत गेली, मॅनेजर म्हणाले, "एवढा फॉर्म भरून द्या," आणि ती म्हणाली, "आम्हांस मंजूर आहे." तसं.

दोघे हसले. वाईट हसले नाहीत, एकाने तर तोंडावर हात धरला. एचआरच्या बाईंना काय झालं ते कळलं नाही, म्हणून त्याही थोड्या हसल्या. ते मला जास्त लागलं. कागदावर 'नोकी' होतं, म्हणजे माल पोचवायची मुदत, आणि 'मित्सुमोरी' होतं, म्हणजे कोटेशन. मला दोन्ही येत नव्हते. मला ढाल येत होती, औषधी वनस्पती येत होती, 'शापित' येत होतं, तेही कांजीत. कान तापले होते. तिसरे गृहस्थ, वयाने सगळ्यांत मोठे, हसले नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "दोराकुए देसु का?" ड्रॅगन क्वेस्ट का?

मी म्हटलं, हाई.

कितवा? मी म्हटलं, नववा. ते "नाईन का..." असं स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा चष्मा लावला. पुढे कुणी काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. ते त्या दोन शब्दांमुळे की 'नोकी'मुळे, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, गेमचा काय दोष? बरोबर आहे. 'शोची शिता' त्यातूनच आलं की सोबत वाचलेल्या मांगांतून (जपानी कॉमिक्स), हेही मी आता छातीठोक सांगू शकत नाही. शिवाय त्याच गेममध्ये रिक्का नावाची मुलगी सराई चालवते. सरायांतली भाषा काय आदबशीर! शिकायचं तर तिच्या गल्ल्यामागे उभं राहून शिकायला हवं होतं. मी चिलखतवाल्यांकडून शिकले, ती आवड माझी.

पण माझ्या तेव्हाच्या 'अभ्यासा'ला एक गोष्ट सांगायचीच आहे. या गेममध्ये नायक बोलत नाही. सगळं जग त्याच्याशी बोलतं, आणि तो म्हणतो हाई किंवा इइए. साठ तास खेळून माझ्या वाट्याला दोन शब्द आले. ऐकायलाही काही नाही, कारण पात्रांना आवाज नाहीत, नुसती अक्षरं टिकटिकत उमटतात. त्या मुलाखतीआधीच्या डिसेंबरात मी एन-२ ला, म्हणजे त्याच्या वरच्या पातळीला, बसले होते. १८० पैकी ९८ मिळाले, पास व्हायला ९० लागतात. तरी नापास, कारण प्रत्येक भागात ६० पैकी १९ हवेत आणि श्रवणात माझे १७ होते. वाचनात मात्र भरभरून मिळाले होते. ते कुठून आले, मग? क्रियापदांच्या तक्त्यांतून? इथे माझीच मला गाठ सुटत नाही.

आणखी एक. या गेममध्ये 'सुरेचिगाई त्सूशिन' असतं. डीएस चालू ठेवून पिशवीत टाकायचा. तसाच डीएस घेतलेला कुणी जवळून गेला की तो तुमच्या सराईत पाहुणा म्हणून येतो. टोकियोतल्या अकिहाबारात त्यासाठी माणसं घोळक्याने उभी राहायची. मी तीन महिने फर्ग्युसन रस्त्यावर रोज संध्याकाळी पिशवी घेऊन फिरले. एकही पाहुणा आला नाही. तेव्हा कुठे लक्षात आलं की त्या पोराची वही पुसताना मी त्याचे पाहुणेही पुसले असणार.

मुलाखतीनंतर मी तो गेम पुन्हा उघडला नाही, असं वर्गात सांगते. ते खरं नाही.

परवा एका विद्यार्थ्याच्या आईंचा फोन आला. "मॅडम, तो जपानी गेम मागतोय वाढदिवसाला. घेऊ का?" मी म्हटलं, घ्या. मग लगेच म्हटलं, थांबा, डिसेंबरची परीक्षा होऊ दे. त्या म्हणाल्या, "नक्की काय करू?" मी म्हटलं, त्यात पात्रांना आवाज आहेत का, तेवढं दुकानात विचारून घ्या.