मटेरियल मोकळं, जागा नाही

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या गॅरेजात त्या शनिवारी दोन स्विफ्ट उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या ट्रकवर चढून कोइमतूरला, करी स्पीडवेवर जायच्या होत्या. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आमच्या हाकेवर आहे, पण तो चाचण्यांचा. शर्यतीसाठी पोरांना दक्षिण गाठावी लागते. तिथे तपासणीत गाडी अडकली तर सगळा खर्च पाण्यात, म्हणून निघण्याआधी ती माझ्याकडून गाडी बघून घेतात.

त्यांच्या शर्यतीच्या गटाचा पहिला नियम असा: जे करायची मुभा लिहिलेली नाही, ते करायचं नाही. आणि पुढे एक ओळ: सस्पेन्शनच्या बुशचं मटेरियल मोकळं. बुश म्हणजे सांध्यात बसणारी नळी, मूळची रबराची; मोकळं म्हणजे कशाचीही चालेल.

पहिल्या गाडीच्या लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यात, मागच्या बुशच्या जागी गोल बेअरिंग होतं. स्टीलचा चकचकीत गोळा, भोवती टेफ्लॉनचं अस्तर. रबर ब्रेक लावताना दबतं, चाकाची दिशा किंचित बदलते. बेअरिंग दबत नाही. दुसऱ्या गाडीचा मुलगा भडकलाच. "काका, बुश म्हणजे रबर, फार तर पॉलियुरेथेन. ही तर बेअरिंग आहे!"

मी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. नियम लिहिणाऱ्याच्या मनात रबराऐवजी थोडं कडक काहीतरी असेल, हे मलाही पटतं. पण त्याने लिहिलं "मोकळं", आणि स्टीलही मटेरियलच. मनातलं मोजायला माझ्याकडे हत्यार नाही. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या इम्प्रूव्ह्ड टूरिंग गटात हाच वाद झाला आहे. तिथेच पूर्वी इंजिनचा कॉम्प्युटर मूळ डब्याच्या आत हवा तसा बदलायची मुभा होती, तर पैसेवाल्यांनी त्या डब्यात महागडे रेसिंग कॉम्प्युटर कोंबले. शेवटी नियमच मोकळा करावा लागला. लिहिताना सैल राहिलेला शब्द तपासणाऱ्याने आपल्या मर्जीने आवळू नये, असं मला मनापासून वाटतं. मी बेअरिंग मान्य केलं.

पण आर्म हातात घेतल्यावर काहीतरी खुपत होतं. बोल्टचं भोक मधोमध दिसेना. वर्निअर लावलं: एका बाजूची भिंत 14.4, समोरची 8.4. म्हणजे मध्य 3 मिलिमीटर बाहेर सरकलेला. मागचा बिंदू बाहेर गेला की आर्म फिरतो, चाक पुढे येतं, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, वाढतो, आणि वळणावर बाहेरचं चाक जास्त चांगलं धरतं. बेअरिंग धरणारी नळी, म्हणजे स्लीव्ह, मुद्दाम तशी कातलेली होती.

पहिल्या गाडीचा मुलगा म्हणाला, "काका, मटेरियल मोकळं आहे ना? मग आकारही आलाच."

"नाही आला, बाळा. बुश कशाचा ते मोकळं आहे. आर्म कुठे टेकतो ते कुणी मोकळं केलं?"

तो गप्प बसला. डोळ्यांत पाणी होतं. तीन महिने रात्री जागून त्याने ते केलं होतं, आणि कातकाम खरंच सुरेख होतं. ते मी त्याला सांगितलंही. त्याचे बाबा दारात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "ही गाडी तो कॉलेजला नेणार नाही ना हो?" त्यांना स्पष्ट सांगितलं: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने गाडीत करायचा नाही. ही ट्रकवरच जाईल, ट्रकवरच येईल.

रात्री साडेदहाला लेथ सुरू केली. दुसऱ्या गाडीचा मुलगा घरी गेलाच नाही. दोन्ही बाजूंच्या नव्या स्लीव्ह कातेपर्यंत तो दिवा धरून उभा राहिला, मग सराफ्यातून सगळ्यांसाठी गरम भुट्ट्याचा कीस घेऊन आला. दीड वाजता बेअरिंग प्रेसमध्ये बसवलं. वर्निअर मी त्याच्याच हातात दिलं.

त्याने चारही बाजू मोजल्या आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. 11.4. 11.4. 11.4. 11.4.