कॉनेमाराच्या पाणथळ जमिनीत बटाटा

मी मंचरकडचा, त्यामुळे बटाटा कसा लावतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं वाटायचं. आयर्लंडमध्ये गॉलवे शहराच्या पश्चिमेला, कॉनेमारात, भाड्याचं घर मिळालं आणि मागच्या तुकड्यात बूट रुतायला लागले. वर गवत, खाली काळी पीट माती (पाण्यात अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची), आणि पाऊस थांबायचं नाव नाही.

शेजारचे आजोबा म्हणाले, नांगरायचं नाही, गवत काढायचंही नाही. दोऱ्या बांधून साधारण चार फुटी पट्टा आखायचा. त्याच्यावर वादळानंतर किनाऱ्याला लागलेलं समुद्री शेवाळ पसरायचं. (ते कुठून उचलायचं हे मात्र विचारूनच ठरवावं, कित्येक ठिकाणी हक्क ठरलेले असतात.) शेवाळावर मोड आलेलं बेणं फूट-फूट अंतराने ठेवायचं. मग दोन्ही बाजूंची गवतासकट ढेकळं कापून बेण्यावर उलटी घालायची, गवत खाली, माती वर. ढेकळं निघाली तिथे आपोआप सरी पडते आणि वाफ्यातलं पाणी तिथून निघून जातं. रब्बीला आम्ही सरीत पाणी सोडतो; इथे सरी असते ती पाणी घालवायला! हे कळल्यावर बाकीचं सगळं सोपं झालं.

त्यांच्याकडे जुनी लॉय, म्हणजे इकडचं खोदायचं फावडं, होती: लांब दांडा, अरुंद पातं आणि पाय ठेवायला एकाच बाजूला खाच. उजव्या पायाने दाबायची आणि दांडा बाजूला पाडायचा, की ढेकूळ उलटतं. दुसऱ्या दिवशी कंबर धरली, ते वेगळं.

सुरुवात गुड फ्रायडेला केली, कारण आजोबांच्या मते त्या दिवशी निदान चार बेणी तरी मातीत गेलीच पाहिजेत. कोंब वर आल्यावर सरीतलीच माती काढून भर दिली.

खरी धास्ती करप्याची, बटाट्याच्या रोगाची. हवा दमट आणि १० अंशांच्या वर राहिली की हवामान खातं इशारा देतं. आजोबांचे वडील मोरचूद आणि धुण्याचा सोडा पिंपात कालवून फवारायचे. चुन्याच्या जागी सोडा, एरवी नाशिकच्या द्राक्षबागेत फवारतात ते बोर्डो मिश्रणच. १८४५ मध्ये करपा आला तेव्हा हा उपाय कुणाकडेच नव्हता. बोर्डो फ्रान्समध्ये सापडलं १८८० च्या दशकात. तोवर करप्यामुळे इथे पडलेल्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली होती.

मी फवारणी टाळायची म्हणून करप्याला दाद न देणारा सार्पो मिरा हा वाण लावला, आणि आजोबांच्या आग्रहाखातर एका कडेला कर्स पिंक हा वाण. ऑगस्टमध्ये कर्स पिंकच्या पानांवर काळे डाग आलेच. लगेच पाला जमिनीलगत कापून लांब नेला आणि बटाटे दोनेक आठवडे तसेच मातीत ठेवले. लगेच काढले असते तर पाल्यावरचा रोग बटाट्याला लागला असता. साल पक्की झाल्यावर काढले. गुलाबी सालीचा हा बटाटा उकडला की फुटतो, पिठूळ असतो. रस्साभाजीत विरघळतो, पण वड्याला याच्यासारखा दुसरा नाही. पुढच्या वर्षी तोच जास्त लावणार, करपा आला तरी.