टायगर मॉथमधली शिक्षकाची जागा

लंडन नेहमीच्या जागा बघण्यात संपलं, केंब्रिजच्या गर्दीने डोकं उठलं. म्हणून थेट डक्सफर्डबद्दलच लिहितो. मोटरवेला लागून असलेल्या या जुन्या हवाई तळावर मला टायगर मॉथमधून उडायला मिळालं.

डी हॅविलंड कंपनीचं हे दुपंखी विमान १९३१ साली पहिल्यांदा उडालं. ब्रिटिश हवाई दलाची अख्खी पिढी यावर शिकली. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे बेगमपेट आणि जोधपूरलाही मुलं यावरच तयार झाली. पंखांवर ताणलेलं कापड, त्यावर डोपचा, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाचा लेप. टिचकी मारली तर डफासारखं वाजतं.

पाहुण्याला पुढे बसवतात, पायलट मागे. प्रशिक्षणाच्या काळात पुढे शिक्षक बसायचा आणि मागे विद्यार्थी. आत शिरताना दांड्या आणि तारा चुकवत अंग वळवावं लागलं. बसलो तर डोक्याच्या वर पेट्रोलची टाकी, सुमारे ८६ लिटरची! इथून पॅराशूटसकट बाहेर पडणं सोपं व्हावं म्हणून वरचा पंख पुढे सरकवला. त्याने तोल बिघडला, तो सावरायला पंख मागच्या बाजूला कलवले. या विमानाचा देखणा झुकाव आला तो शिक्षकाचा जीव वाचावा म्हणून. हे कळल्यावर मी त्या पंखांकडे बघतच राहिलो.

पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू केलं. ब्रेक नाहीतच. गवतावरून धावत कधी उचललं गेलो ते कळलंही नाही. उघड्या कॉकपिटमध्ये वारा कानशिलांवर आपटत होता, जून महिना असूनही बोटं गारठली. पण माझं लक्ष होतं गुडघ्यांमधल्या काठीवर, जिने विमान चालवतात. मागे पायलटबाई त्यांची काठी हलवायच्या तशी माझीही हलायची. शिक्षकाला मागचा विद्यार्थी दिसायचा नाही. बोलायला फक्त एक रबरी नळी. विद्यार्थ्याचा गोंधळ त्याला या काठीतच कळत असणार, आणि तरी ती लगेच धरायची नाही. धरली तर पोरगं शिकणार कसं? एवढा धीर माझ्यात नाही.

तिकीट महाग आहे, तरी जा. आणि उतरल्यावर मागच्या जागेवरून पुढचं किती दिसतं ते पायलटला नक्की विचारा. एकट्याने उडवायचं तर समतोलासाठी मागेच बसावं लागतं. मला त्यांनी तिथे बसवून दाखवलं: समोर इंजिनाचं नाक, आणि जमीन जवळजवळ नाहीच.