गार होऊ दे

शनिवारची सकाळ, साडेआठ वाजलेले, आणि राजारामपुरीतल्या त्या बेकरीत एक काका भांडायला उभे. पैशावरून नव्हे, रांगेवरूनही नव्हे. भट्टीतून नुकतेच काढलेले पाच-सहा ब्रेड समोर जाळीवर मांडलेले, वास पार रस्त्यापर्यंत गेलेला, आणि गल्ल्यावरचा पोरगा त्यातला एकही कापून द्यायला तयार नाही.

"काका, तासभर थांबावं लागेल. आत्ता कापला तर आतून चिकट लागतो."

"आरं, गरम मिळतोय म्हणून तर आलोय. गार ब्रेड काय, कुठंबी मिळतोय."

"मग अख्खा न्या. घरी दहा वाजता कापा."

"तवर काय त्येच्याकडं बघत बसू व्हय?"

पोरगा हसत होता, पण सुरीला हात लावत नव्हता. मी मनातून काकांच्याच बाजूने होते. कोल्हापूरच्या माणसाला खायला द्यायचं तर गरम द्यावं, ही साधी रीत. मिसळीचा कट वाफाळता हवा, तांबडा रस्सा ओठाला चटका देणारा हवा, वडा कढईतून थेट कागदावर यायला हवा. गंगावेशीत दूध प्यायला उभा राहिलेला माणूस तर चुलीचीही वाट बघत नाही. म्हशीच्या अंगची ऊब आहे तोवर पेला रिकामा करतो आणि मिशीवरचा फेस पुसत निघतो. अशा गावात दुकान टाकून 'तासभर थांबा' म्हणायचं, म्हणजे पोराची छाती मोठीच.

काका तणतणत पुढच्या चौकातल्या जुन्या बेकरीकडे गेले. मला काही घाई नव्हती, मी बसले. बसले म्हणजे चढले. तिथे खुर्च्या मोजून चार, बाकी सगळी ती उंच स्टुलं. पन्नाशीनंतर गुडघ्याला काय वाटतं याचा विचार ती करणाऱ्या सुताराने केलेला नसतो. फळ्यावरची नावं इंग्रजीत, कॉफी दीडशेच्या पुढे, आणि गाणी अशी की गाणारा अजून अंथरुणातून उठलेला नसावा. हे सगळं मी घरी रोज बोलते. आणि दर शनिवारी जाते.

तर मी स्टुलावर, आणि पोरगा म्हणाला, "काकू, जरा इकडे कान करा." मला वाटलं काकांबद्दल काही सांगतोय. पण त्याने ब्रेडकडे बोट केलं. मी वाकले. आधी काहीच नाही. मग बारीक तडतड. तीळ भाजताना शेवटी शेवटी एखाद-दुसरा उडतो ना, तसा आवाज. थांबून थांबून, कधी या ब्रेडमधून, कधी त्या. वरचं कवच आधी गार होऊन आकसतं, आतला गर अजून फुगलेला आणि गरम, म्हणून कवचाला बारीक चिरा पडतात, त्याचा तो आवाज. निरखून बघितलं तर तपकिरी पाठीवर केसाएवढ्या रेघा उमटताना दिसत होत्या. मी दहा मिनिटं तिथेच वाकलेली. कॉफी निवून पाणी झाली.

थांबायचं का, तेही त्याने सांगितलं. भट्टीतून निघताना ब्रेडच्या आतला भाग जवळजवळ शंभर अंशांपर्यंत तापलेला असतो. पिठातलं पिष्ट शिजलेलं असतं, पण बसलेलं नसतं. वाफ आतून बाहेर यायची असते. तेव्हाच सुरी घातली की गर सुरीला चिकटतो, गोळा होतो. मी म्हटलं, एवढंच ना? भात उतरवल्यावर आपण झाकून बाजूला ठेवतोच की. लगेच डाव घातला तर गचका होतो. पोराने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी कुणा गिऱ्हाईकाला तो "भात मुरतो ना, तसं" असं सांगताना मी ऐकलं. हे उदाहरण कुठून आलं ते काही बोलला नाही.

खरं म्हणजे ब्रेडच्या बाबतीत कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही अशी आमची समजूत. इथे मिसळीबरोबर पाव मागणारा माणूस पुण्या-मुंबईचा, हे हॉटेलवाला ऑर्डरवरूनच ओळखतो. इथे ब्रेड. जाड, मऊ, पांढऱ्या स्लाइस, कटात बुडवल्या की क्षणात लाल होणाऱ्या. 'पायाने तुडवतात म्हणून पाव' असं आमची आजी सांगायची आणि त्या कारणाने तो स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. शब्द खरा आला पोर्तुगीजांच्या 'पाँव'वरून. १५१० मध्ये ते गोव्यात आले, ब्रेडची सवय घेऊन आले, पण यीस्ट मिळेना म्हणून माडाच्या माडीवर पीठ फुगवायला लागले. आजीला हे कळलं असतं तर तिने तुडवणं परवडलं म्हटलं असतं.

तर या मऊ स्लाइसवर वाढलेल्या माणसाला आंबट चवीचा, कवच दातांनी तोडावं लागणारा, आत ही एवढाली भोकं असलेला ब्रेड दिला की तो काय म्हणणार? मी ऐकलेलं सांगते. एक वहिनी स्लाइस उजेडात धरून नवऱ्याला म्हणाल्या, "अर्धे पैसे भोकांचेच घेतलेत की हो. लोणी लावलं तर खाली बशीत." एका निवृत्त सरांनी वास घेऊन विचारलं, "कालचा आहे का?" पोरगा म्हणाला, "हो सर, पीठ कालचंच." सर उठून निघालेच होते. आणि काचेच्या कपाटातल्या क्रोसाँकडे बोट दाखवून एक आजी म्हणाल्या, "ती वाकडी खारी केवढ्याला?"

सगळे हसले, पण आजी चुकीच्या नव्हत्या. खारी आणि क्रोसाँ एकाच घरच्या. पिठाच्या पोळीत लोणी घालून घडी, लाटणं, पुन्हा घडी. तीन वेळा तिहेरी घडी केली की लोण्याचे २७ थर होतात. क्रोसाँच्या पिठात यीस्ट असतं, खारीच्या पिठात सहसा नसतं. आणि खारीत लोण्याच्या जागी बऱ्याचदा डालडा. भट्टीत थरांमधल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात, हे दोघींचं सारखंच. अडचण घड्या घालण्याची. लोणी विशी ओलांडली की ढिलं पडायला लागतं, आणि आपला एप्रिल ३७-३८ला टेकलेला. म्हणून पोराने आतली एक खोली एसी लावून थंडगार ठेवलीये. दुकानात आम्ही घामाघूम आणि आत लोणी स्वेटर घालायच्या थंडीत. आजींनी क्रोसाँ चहात बुडवून खाल्लं. चहा तिथल्या फळ्यावर नाही, तो पोराने स्वतःच्या कपातला दिला.

पावसाळ्यात मात्र या दुकानाला खरी गल्लीची कळा येते. जुलैत चार दिवस झड लागली की लॅपटॉप उघडून बसलेली कॉलेजची पोरं, सर, वहिनी, सगळ्यांचा विषय एकच: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ला इशारा, ४३ला धोका, हे आकडे इथे शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ आणि २०२१चे महापूर बघितलेली माणसं आहोत. पोरगा मोबाइलवर बघून फुटांचा आकडा ओरडून सांगतो आणि पिठाच्या टबात बोट घालून तिथलीही पातळी बघतो. गारव्यात त्याचं पीठ फुगायला दीडपट वेळ घेतं. नदी चढते, पीठ चढत नाही, असा त्याचा जुलै.

हे थांबणं मला नवं नव्हतं, हे मला फार उशिरा आठवलं. लहानपणी दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरचा मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीत नानकटाई करून आणायला जायचो. सामान आपलं, मजुरी त्यांची. दुपारभर नंबर लागायचा. आपल्या पत्र्यावर कुणी दुसऱ्याचा हात मारू नये म्हणून मी आणि भाऊ भट्टीच्या दारातच उभे. भट्टीवाले चाचा लांब दांड्याने पत्रा ओढून काढायचे, जमिनीवर सरकवायचे आणि आमच्याकडे न बघताच ओरडायचे, "हात लावायचा नाय! गार होऊ दे!" भावाने एकदा लावलाच. गरम नानकटाई हातात यायच्या आत विरघळल्यासारखी मोडली, बोटं भाजली ती वेगळी. गार झाल्यावर तीच कशी खुटकन वाजणारी. मग आम्ही उकिडवे बसून पत्र्यावर फुंकर मारायचो. डबा घरी जाईपर्यंत वरचा एक थर कमी झालेला असायचा आणि आई दर वर्षी बेकरीवाल्यालाच बोल लावायची, वजनात मारतो म्हणून. आम्ही कधीच खरं सांगितलं नाही. चाचा, माफ करा.

हे मी पोराला सांगितलं, तेव्हा तो आत गेला आणि झाकण सैल लावलेली एक काचेची बाटली घेऊन आला. तळाशी चिकट पांढरं पीठ, त्यात बुडबुडे. "हे न्या काकू. आमचं विरजण. रोज थोडं पीठ आणि तेवढंच पाणी घालायचं, बस." बाहेरचं यीस्ट नाही, पिठात, हवेत असलेलंच यीस्ट आणि दह्याच्या विरजणात असतात त्याच घराण्यातले जिवाणू. त्यामुळेच तो आंबट वास. मी मोठ्या उत्साहाने घरी आणलं, दोन दिवस वेळेवर खाऊ घातलं, तिसऱ्या दिवशी झाकण घट्ट लावून बँकेत गेले. संध्याकाळी येऊन बघते तो झाकण उडून फडताळात मसाल्याच्या डब्यांवर पिठाचा ओघळ, आणि बाटली धुऊन उपडी घातलेली.

"आई, यातलं पीठ कुठं गेलं?"

"नासलं होतं गं. पण टाकवेना. तांदळाचं पीठ आणि आलं-मिरची घालून धिरडी केली सकाळी."

मी कपाळावर हात मारून घेणार, तेवढ्यात सासूबाईंनी ताट पुढे केलं. शेवटचं एक धिरडं माझ्यासाठी ठेवलेलं. "जाळी बघ कशी पडलीये," म्हणाल्या. खरंच, लोखंडी तव्यावरचं ते धिरडं उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. ज्या भोकांचे पैसे घेतले म्हणून वहिनी भांडत होत्या, तीच भोकं. धिरड्यात पडली की तिला जाळी म्हणायचं आणि करणारीने मान ताठ करायची. वर सासूबाईंचा हुकूम: "त्या पोराला सांग, अजून एक बाटली दे."

शनिवारी स्टीलच्या डब्यात चार धिरडी आणि लसणाची चटणी घेऊन गेले. अगदी तव्यावरून उतरवलेली. रिक्षाने सात मिनिटांत पोचले. विरजणाचं काय झालं ते सांगितल्यावर पोरगा आधी गप्पच झाला. चार वर्षं सांभाळलेलं ते विरजण त्याचं. मग डबा उघडून वास घेतला. वाफ चष्म्यावर आली.

"गरम आहेत रे, भाजेल," मी म्हटलं. "जरा गार होऊ दे."

तोंडात घास कोंबलेला, डोळ्यात पाणी, दुसरा हात डब्यात. मान नुसती नाही-नाही अशी हलवली.